एमजीबीच्या जुळ्या एसयू कार्ब्युरेटरची नोंद: हवा जुळली, आता पेट्रोल

इंजिन तापल्यावर स्लो (पाय न देता इंजिनचं मंद चालणं) टिकत नव्हता, त्याचं कारण सापडलं. गाडी १९६७ ची एमजीबी, म्हणजे ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १७९८ सीसी, हवेत पेट्रोल मिसळणारे दोन एसयू एचएस४ कार्ब्युरेटर. या इंजिनात पुढचा कार्ब्युरेटर १-२ सिलिंडरना पाजतो, मागचा ३-४ ना. त्यामुळे प्लग काढून ओळीने मांडले की निम्मं निदान तिथेच होतं. माझे पहिले दोन पांढरट निघाले (पेट्रोल कमी, हवा जास्त), शेवटचे दोन काळसर (पेट्रोल जास्त). म्हणजे पुढे कुठूनतरी फुकटची हवा शिरत होती.

इंजिन चालू ठेवून पुढच्या थ्रॉटल स्पिंडलच्या (हवेची झडप फिरवणाऱ्या दांडीच्या) टोकावर कार्ब क्लीनरचा हलका फवारा मारला, आणि रेस (इंजिनचा वेग) लगेच बदलली. स्पिंडल हाताने हलवला तर चक्क खालीवर होत होता. एवढ्या वर्षांत बॉडीतलं भोक अंडाकृती झालंय. अशा वेळी मिक्स्चरचा नट फिरवून रिच (पेट्रोल जास्त) करत बसलं तर स्लोला गाडी बरी वाटते, पण पुढे रस्त्यावर काळा धूर सोडते. गळती आधी बंद करायची, यावर माझा ठाम विश्वास आहे.

सोलापुरात या कामासाठी भटकावं लागत नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाचे सुटे भाग करणारे लेथवाले आहेत. तिथल्या एका मामांनी स्पिंडल हातात घेऊन म्हटलं, "एवढी ढिली शाफ्ट आमच्या लूमलासुद्धा चालत नाही, मालक." गनमेटलचे बुश (स्पिंडल ज्यांत फिरतो त्या कड्या) केले, बॉडीची दोन्ही भोकं एकाच सेटिंगमध्ये रीम केली (नेमक्या मापाला कापली). हे शेवटचं फार महत्त्वाचं. भोकं एका रेषेत नसली तर स्पिंडल आवळतो आणि पाय काढला तरी थ्रॉटल बंद होत नाही.

टॅपेटची फट (थंड इंजिनवर १५ थाऊ, म्हणजे इंचाचे १५ हजारांश, ०.३८ मिमी), पॉइंट आणि टायमिंग आधीच करून घेतलं होतं. मग इंजिन पूर्ण गरम करून दोन कार्ब्युरेटरमधल्या जोडदांड्याचे क्लॅम्प सैल केले. हे सैल केल्याशिवाय एकाचा स्क्रू फिरवला की दुसराही हलतो. एअरफ्लो मीटर आळीपाळीने दोन्ही तोंडांवर धरून काटा सारखा येईपर्यंत स्लोचे स्क्रू जुळवले. मीटर नसेल तर रबरी नळीचं एक टोक कानाशी, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरा. दोन्हीकडचा फुसकारा एकाच पट्टीत ऐकू आला पाहिजे. क्लॅम्प आवळल्यावर १५०० आरपीएमला पुन्हा बघायचं, कारण बरेचदा आवळतानाच जुळणी बिघडते.

आता पेट्रोल. जेट (पेट्रोल येतं ती नळी) पुलाच्या (हवेच्या वाटेतल्या उंचवट्याच्या) पातळीला आणून नट १२ पैलू, म्हणजे पूर्ण दोन फेरे खाली, ही सुरुवात. खाली गेला की रिच. मग कार्ब्युरेटरमधला पिस्टन (हवेच्या ओढीने वरखाली होणारा भाग) बाजूच्या पिनेने जेमतेम ०.८ मिमी उचलायचा: रेस चढून तशीच राहिली तर रिच, लगेच पडली तर लीन (पेट्रोल कमी), किंचित चढून जागेवर आली तर बरोबर.

माझी दोन्ही कार्ब्युरेटर १२ पैलूंच्या जवळपासच बरोबर आली. याचं मला नवल वाटलं, कारण पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे शुद्ध पेट्रोलला हवा-इंधन प्रमाण (वजनाने एका भाग इंधनाला किती भाग हवा) १४.७ लागतं तिथे ई२० ला साधारण १३.५, म्हणजे ८-९ टक्के जास्त इंधन. जुनी सेटिंग लीनच निघायला हवी होती. पण सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटरवर आहे आणि सध्या दुपारी पारा चाळिशीपार. हवा विरळ झाली की एसयू आपोआप रिच होतो. उंची आणि ऊन मिळून माझ्या हिशोबाने सहाएक टक्के. म्हणजे आपला उन्हाळा इथेनॉलची बरीचशी तूट भरून काढतो! थंडीत यातली उन्हाची मदत जाणार, तेव्हा नट खाली न्यावाच लागेल. पुण्या-मुंबईच्या मित्रांनी माझे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत ते यासाठीच.

डॅशपॉटमध्ये (पिस्टनची उसळी मंद करणाऱ्या तेलाच्या कपात) सांगितलेलं २० नंबरचं तेल या उन्हात पाण्यासारखं होतं, पिस्टन पटकन वर उसळतो आणि पाय दाबल्यावर क्षणभर गाडी अडखळते. मी २०डब्ल्यू-५० घातलं, अडखळणं गेलं.

काल पहाटे तुळजापूरचा घाट चढून आलो. तिसऱ्या गिअरमध्ये एकसारखी ओढ, कुठे आचका नाही. वर पोहोचून प्लग काढले तर चारही फिकट तपकिरी! फार दिवसांनी असे चार प्लग बघून मन भरून आलं. मात्र पूर्ण थ्रॉटलला अजून जरा लीन वाटते. तिथे नटाचा उपयोग मर्यादित, पिस्टनखालची सुईच (जेटमध्ये वरखाली होऊन पेट्रोल मोजणारी) बदलावी लागेल. ई२० वर एचएस४ मध्ये एक पायरी रिच सुई कुणी वापरली असेल तर कोणती आणि सोबत स्प्रिंग कुठल्या रंगाची, तेवढं कळवा. तोवर पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या काढून इथेनॉलला टिकणाऱ्या बसवतोय.