ब्रशची भीती घालवताना

ऑटिझम असलेलं मूल ब्रश बघूनच पळतं, तो हट्ट नसतो. फेस, पुदिन्याची झणझणीत चव, हिरड्यांवरचा स्पर्श त्याला खरोखर सोसत नाही. म्हणून पेस्ट आधी बाजूला ठेवा. छोटा, मऊ, ओला ब्रश प्रथम ओठांना, मग पुढच्या दातांना लावा. मोठ्याने पाचपर्यंत मोजा आणि पाचाला थांबाच. ‘अजून थोडंसं’ म्हणून पुढे गेलात, की त्या मोजण्यावरचा त्याचा विश्वास उडतो. सवय झाली की आकडा वाढवा. नंतर फ्लोराइडची पेस्ट: तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी, कमी फेसाची मिळाली तर फारच छान. हातपाय धरून मात्र घासू नका. विरोध अचानक वाढला की दंतवैद्यांना दाखवा; मूल बोलत नसेल तर दातदुखी अनेकदा अशीच कळते.