चार फळ्या, चार रॉड: ऑडिओ रॅक घरीच

फळ्यांच्या कोपऱ्यांत भोकं, त्यांतून आरपार आट्यांचे रॉड, आणि प्रत्येक फळीला वरून-खालून नट. सुतारकामाचा सराव नसेल तर ऑडिओ रॅकसाठी हीच रचना बरी. सांधे नाहीत, फेव्हिकॉल नाही, आणि पुढे एखादा उंच ॲम्प्लिफायर आला तर पाना घेऊन फळी वर सरकवता येते.

नेहमीच्या मापाचं ऑडिओ यंत्र साधारण ४३० मिमी रुंद असतं. ६०० x ४५० मिमीच्या चार फळ्या १२२० x १२२० च्या तुकड्यात बसतात, करवतीचा काप धरूनही. प्लाय १८ मिमीचा घ्या, वरच्या थराच्या रेषा फळीच्या लांबीत येऊ द्या. आडव्या आल्या तर जड ॲम्पखाली फळी जास्त वाकते. एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) चालेल, पण त्याच्या कडा ओल शोषतात, म्हणून आधी सीलर मारा.

रॉड एम१२ (१२ मिमी व्यासाचे), ७२० मिमीचे चार. साधे नट २८, टोपीचे (एका बाजूने बंद) ४, वॉशर ३२. वॉशर मोठ्या व्यासाचेच घ्या, छोटे लाकडात रुततात आणि महिन्याभरात नट ढिला होतो. रॉड कापण्याआधी त्यावर दोन नट चढवून ठेवा. कापलेलं टोक कानशीने घासून ते नट त्याच टोकावरून बाहेर काढले की बिघडलेले आटे सरळ होतात. ही युक्ती विसरलात तर एकेक नट चढवताना हाताची सालटी निघतील.

भोकं कडेपासून ४० मिमी आत, १३ मिमीची. चारही फळ्या एकावर एक क्लॅम्प करून, खाली टाकाऊ फळी ठेवून एकदम पाडा. हाताचं ड्रिल कलतं, म्हणून आधी ५ मिमीचं सरळ भोक पाडून घ्या आणि प्रत्येक फळीच्या एकाच कोपऱ्यावर पेन्सिलची खूण करा. जोडताना खुणा एकाखाली एक आल्या नाहीत तर रॉड अडकतात.

जोडणी खालून वर. दोन फळ्यांच्या मधे प्रत्येक रॉडवर दोन नट असतात: एक खालची फळी दाबणारा, दुसरा वरचीला टेकू देणारा. एक जरी राहिला तर वरचं सगळं उतरवावं लागतं. सर्वात खालची फळी लेव्हलने समतल करा. पुढची अंतरं टेपने मोजत बसू नका. हव्या त्या उंचीचा लाकडी ठोकळा कापून चारही कोपऱ्यांत तोच लावा. एम१२ चा नट एका फेऱ्यात १.७५ मिमी सरकतो, त्यामुळे बारीक दुरुस्ती सोपी. वर टोपीचा नट फिरायचा थांबला, पण फळी ढिलीच, असं झालं तर रॉडचं टोक टोपीच्या तळाला टेकलंय. रॉड थोडा खाली घ्या. रॉडच्या खालच्या टोकांना रबरी बूट घाला. एक पाय अधांतरी राहिला तर त्याच्या बुटात वॉशर टाका.

ॲम्पच्या वर किमान १०० मिमी मोकळी जागा हवी. व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा, खूप तापणारा) ॲम्प सर्वात वरच ठेवा. टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र) असेल तर वरची फळी त्याची, आणि ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरपासून जमेल तितकी लांब, नाहीतर कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) गुणगुण उचलते. मग व्हॉल्व्हच्या ॲम्पसाठी वेगळं बुटकं स्टँड करा. रॅकखालच्या स्पाइकने (टोकदार पायांनी) सीडी प्लेअरचा आवाज सुधारतो, हे मात्र मनावर घेऊ नका. हादरे खरोखर ऐकू येतात ते टर्नटेबलला, आणि लाकडी जमीन लवचीक असेल तर त्याला हा रॅकही पुरत नाही. तिथे भिंतीतली फळी.