सोंडे आणि फवारणी: माळ्यावरचा प्रयोग, दिवस ६०

तर मंडळी, सोंड्यांसाठी (साठवलेल्या तांदळातले सोंडवाले किडे) मिरगाआधी मारलेल्या फवारणीला आज ६० दिवस झाले. नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात, चुना काढलेला जांभ्याचा चिरा, सागाची फळी आणि गोणपाट, प्रत्येकाचे दोन तुकडे, एकावर मॅलॅथिऑन ५० ईसी (५० टक्क्यांचं पातळ कीटकनाशक, १ भाग औषध १०० भाग पाणी) आणि दुसऱ्यावर डेल्टामेथ्रिन अडीच टक्क्याची पावडर लिटरला ४० ग्रॅम. सरकारी गोदामात हेच प्रमाण असतं, मॅलॅथिऑन दर १५ दिवसांनी आणि डेल्टामेथ्रिन ९० दिवसांनी परत मारतात. आपल्या पावसात हे दिवस टिकतात का, एवढंच बघायचंय.

तुकड्यावर २० सोंडे सोडायचे, वर ग्लास पालथा, २४ तासांनी मोजायचं. यात एक गंमत, हे सोंडे मेल्याचं सोंग घेतात! पहिल्या वेळी मी खूश होऊन सगळे मेले म्हणून लिहिलं आणि चहा पिऊन येतो तर निम्मे चालायला लागलेले. आता काडीने टोचून बघतो. डेल्टामेथ्रिनने उताणे पडलेलेही कधी कधी सावरतात, म्हणून ते अजून एक दिवस ठेवतो.

मॅलॅथिऑनचा निकाल पंधराव्या दिवशीच लागला, गोणपाटावर १३ मेले पण चुन्यावर फक्त २. चुना अल्कलीवाला, त्यात ओल, औषध फुटूनच जातं, शिवाय पातळ औषध चिऱ्याच्या भोकांत मुरतं, पावडर निदान वर तरी राहते. आज डेल्टामेथ्रिन: फळी १८, गोणपाट १६, चुना ७. म्हणजे ९० दिवस फळीवर कदाचित, भिंतीवर विसरा.

आणि परत सांगतो, हे भिंतीला न् रिकाम्या गोणीला, खायच्या तांदळाला अजिबात नाही. सोंड्याची अळी दाण्याच्या आतच वाढते, भिंतीवरचं औषध तिला काय करणार? त्यासाठी भात कडक वाळवूनच भरायचं. कोंड्याची धूळ बसली तरी औषध झाकलं जातं, म्हणून आधी झाडू.

पुढची मोजणी ९० व्या दिवशी ठरली होती, पण आई म्हणते गणपतीआधी माळ्यालाही चुना काढायचाय, तेव्हा तुकडे उचलून पडवीत न्यावे लागणार.