धाप लागलेले गाणे

रविवार, रात्र

ब्यॉर्क या आइसलँडच्या गायिकेचा ‘मेडुला’ हा अल्बम आज चौथ्यांदा लावला आणि प्रथमच शेवटपर्यंत ऐकला. ही बाई आपल्यासाठी नाही, असा निकाल मी तिचे गाणे नीट ऐकण्याआधीच देऊन टाकला होता. त्या निकालाला आधार काय, तर २००१ च्या ऑस्कर सोहळ्यातील तिचा पोशाख: गळ्याभोवती हंसाची मान गुंडाळलेला तो पांढरा झगा, आणि लाल गालिच्यावर ती ठेवत गेलेली अंडी. जिला लक्ष वेधण्यासाठी एवढा खटाटोप करावा लागतो, तिच्या गळ्यात फारसे काही नसणार, असे मी सोयीस्करपणे ठरवले होते. (कपडे पाहून गाण्याची पारख करणारे लोक मला एरवी हास्यास्पद वाटतात.)

२००४ साली आलेला हा अल्बम जवळजवळ संपूर्णपणे माणसाच्या आवाजातून उभा केलेला आहे. वाद्ये अगदी तुरळक. ठेका धरायला राहझेलसारख्या बीटबॉक्सरचे तोंड आणि सुरांची भरणी करायला गायकवृंद. मेडुला म्हणजे मज्जा, हाडाच्या आतला गाभा. हे सारे वाचून माहीत असूनही पहिल्या वेळी मी जेमतेम तीन गाणी सहन केली. शेजारच्या खोलीतून ताईने काळजीने विचारले, “कोणाला धाप लागली आहे का रे?” तेव्हा मी घाईघाईने स्पीकर बंद केला.

दार उघडले ते ‘व्होकुरो’ या गाण्याने. योरुन विदार या आइसलँडच्याच संगीतकार स्त्रीची ही रचना ब्यॉर्कने गायकवृंदाच्या साथीने इतक्या साधेपणाने गायली आहे की हीच का ती हंसवाली, असा प्रश्न मला पडला. एक शब्द कळत नव्हता, तरी मी ते लागोपाठ तीनदा ऐकले.

आज मात्र गाठ पडली ती ‘अ‍ॅन्सेस्टर्स’शी, म्हणजे ज्याला मी सर्वाधिक नाके मुरडली होती त्याच गाण्याशी. त्यात तिच्यासोबत कॅनडातील इनुइट समाजाची कंठगायिका तान्या तागाक आहे आणि शब्द एकही नाही. आहेत ते घशातून निघणारे हुंकार, धापा, कण्हणे. इनुइट स्त्रियांचे हे कंठगायन मुळात दोघींचा खेळ असते: समोरासमोर उभे राहून एकीच्या आवाजाच्या फटीत दुसरीने आपला आवाज घालायचा, आणि जिचा दम आधी तुटेल किंवा जिला आधी हसू फुटेल ती हरली. हे ठाऊक झाल्यावर हेडफोन लावून ऐकले, तेव्हा मला जो गोंधळ वाटत होता त्यात आत जाणारा श्वास आणि बाहेर पडणारा श्वास वेगवेगळे ऐकू येऊ लागले, आणि ठेका तिथेच आहे हे ध्यानात आले. गाणाऱ्याने श्वास चोरून घ्यावा, तो ऐकणाऱ्याला कळता कामा नये, हे माझ्या कानावर लहानपणापासून बिंबलेले; इथे जे लपवायचे तेच समोर मांडले होते, आणि माझी अढी ब्यॉर्कच्या तऱ्हेवाईकपणाविषयी कमी व त्या उघड्या श्वासाविषयी अधिक होती.

त्यानंतर ‘ओशियानिया’ही निराळे वाटले. अथेन्स ऑलिंपिकच्या उद्घाटनासाठी केलेल्या या गाण्यात समुद्रच माणसांशी बोलतो आणि त्यांच्या घामाच्या खारटपणाचे श्रेय स्वतःकडे घेतो. त्याच्या भोवती गायकवृंदाचे आवाज बुडबुड्यांसारखे वर उसळत राहतात. सगळेच पटले असे मात्र नाही. ‘व्हेअर इज द लाइन’ मला अजूनही भांडणाच्या मध्ये उभे केल्यासारखे वाटते, आणि ते मी आजही दात आवळूनच ऐकले.

ताई आता भांडी आवरताना ‘व्होकुरो’ची चाल गुणगुणते, शब्दांच्या जागी नुसते ‘अं अं’ करत. ‘अ‍ॅन्सेस्टर्स’ मात्र हेडफोनवरच ऐकायचे, असे तिने मला बजावले आहे.