तुम्ही विचारलंत म्हणून : मुलगा गेल्यावर आम्ही पुणे का सोडले

"अशा वेळी माणसे आपल्या माणसांना धरून राहतात, तुम्ही मात्र घर बंद करून अंदमानातल्या त्या बेटावर कशा काय गेलात?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला गेला आहे, कोथरूडच्या भाजीबाजारात विचारला गेला आहे, आणि अलीकडे ओळखीपाळखीतून माझा नंबर मिळवून अनोळखी लोकही फोनवर तोच विचारतात. बहुतेकांनी उत्तर आधीच मनाशी धरलेले असते: मुलाला विसरता यावे म्हणून गेल्या असतील. ते उत्तर खरे नाही. खरे काय ते नीट लिहून ठेवावे असे वाटले, कारण आता विचारणाऱ्यांत असेही काही जण आहेत, ज्यांच्या घरी नुकतेच असे काही घडले आहे आणि ज्यांना माझे उत्तर स्वतःसाठी हवे आहे.

आमचा थोरला मुलगा २०१३ च्या पावसाळ्यात दुचाकीच्या अपघातात गेला. तो बारावीत होता, धाकटी चौथीत. वैकुंठ स्मशानभूमीपासून तेराव्यापर्यंत आणि त्यानंतरही लोकांनी आमच्यासाठी जे केले त्याचे मोल मी जाणते. शेजारणींनी दोन्ही वेळचे डबे पुरवले, जाऊबाई स्वतःचा संसार सोडून महिनाभर आमच्याकडे राहिल्या, समाचाराला येणाऱ्यांची रीघ संपत नव्हती. पण ती रीघ ओसरली तसे एक वेगळेच घडू लागले. आमच्यासमोर त्याचे नाव कोणी घेईना. पुढच्या वर्षी बारावीचा निकाल लागला, तेव्हा सोसायटीतल्या मुलांचे पेढे वरपासून खालपर्यंत सगळ्या घरी गेले आणि आमच्या दारावरून पाऊल न वाजवता पुढे नेले गेले. लेकीच्या वर्गातही बाईंनी मुलींना बजावले होते, तिच्याजवळ दादाचा विषय काढायचा नाही. हे सगळे मायेपोटी होते, यात मला तिळमात्र शंका नाही. पण ज्या मुलाला अवघी गल्ली ओळखत होती, त्याच्याविषयी बोलायला आम्हाला त्याच गल्लीत कोणी उरले नाही.

यजमान बँकेत होते, आणि बेटांवरच्या शाखांसाठी बँकेला आपणहून जाणारी माणसे नेहमीच हवी असतात. त्यांनी नाव दिले आणि लिटल अंदमान बेटावरच्या हट बेला बदली मिळाली. "काळ्या पाण्यावर कशाला जाता रे?" असे सासूबाई कळवळून म्हणाल्या, कारण आमच्याकडे अंदमान म्हटले की सेल्युलर जेल आणि सावरकर एवढेच डोळ्यांपुढे येते. हट बे त्याच्याही पलीकडे आहे. ज्याला आता श्री विजयपुरम म्हणतात त्या पोर्ट ब्लेअरहून दक्षिणेला सात-आठ तास जहाजात बसावे, तेव्हा लिटल अंदमान येते. जंगलाचा मोठा भाग ओंगी आदिवासींसाठी राखीव असून तिथे बाहेरच्यांना मज्जाव आहे. हरमिंदर बे येथे कार निकोबार बेटावरून आलेली निकोबारी कुटुंबे आहेत. आणि मुख्य रस्त्याच्या कडेने पूर्व पाकिस्तानातून निर्वासित होऊन आलेले बंगाली शेतकरी आहेत, ज्यांना साठच्या दशकाच्या अखेरीपासून जंगल तोडून इथे वसवण्यात आले. त्या रस्त्यावर कोण कुठे राहतो हे किलोमीटरच्या आकड्याने सांगतात. इतक्या पूर्वेलाही घड्याळ पुण्याचेच असल्यामुळे सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, आणि अंधार पडल्यावर करायला फारसे काही नसते. त्या काळात फोन-इंटरनेटसाठीची समुद्राखालची केबल आलेली नव्हती. ती २०२० साली आली. पुण्याला फोन लागला तर लागला.

बाहेरून आलेल्या बाईला तिथे सगळ्यात आधी काय विचारतात, तर मुले किती. पुण्यात हा प्रश्न मला कोणी विचारणे शक्यच नव्हते, सगळ्यांना सगळे माहीत होते. जेटीजवळच्या भाजीवालीने विचारले, "बच्चे कितने हैं, दीदी?" आणि क्षणभर थांबून मी म्हणाले, "दो. बड़ा नहीं रहा." तिने तराजू खाली ठेवला. "मेरे तीन थे," ती म्हणाली, "एक सुनामी में गया." मग तिने माझ्या मुलाचे नाव विचारले, तो कसा गेला ते विचारले, दिसायला कोणासारखा होता तेही विचारले, आणि मी भाजीच्या टोपल्यांपुढे उभी राहून सगळे सांगितले. असे पुढे कितीतरी वेळा झाले. २६ डिसेंबर २००४ ला सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ भूकंप झाला आणि थोड्याच वेळात हट बेचा किनारा लाटांखाली गेला. वाचलेले लोक उंचावर पळाले, पुढे बरीच वर्षे पत्र्याच्या शेडमध्ये राहिले, आणि मग सरकारने उंचावरच्या जमिनीवर बांधून दिलेल्या एकसारख्या घरांच्या ओळींत गेले. अशा माणसांना आपले दुःख सांगताना समोरच्याला अवघडल्यासारखे होईल ही भीती नव्हती. ते सांत्वन करीत नसत. ते आपल्या घरातले कोण गेले ते सांगत आणि मग तुमच्याविषयी विचारत.

आमच्या शेजारी एक वृद्ध बाई राहत, त्यांना सगळे मासीमा म्हणत. पूर्व बंगालातले बारिसाल सोडले तेव्हा त्या लहान होत्या; त्यानंतर निर्वासितांची छावणी, मग जहाज, मग हे जंगल, आणि उतारवयात सुनामीत गेलेला धाकटा मुलगा. आपली संक्रांत तीच त्यांची पौष संक्रांत. त्या दिवशी त्या पाट मांडून नारळ खोवायला बसत, खोबरे गुळात शिजवून तांदळाच्या पिठाच्या पुऱ्यांत भरत आणि त्या करंज्यांसारख्या पुली दुधात सोडत. पहिल्या वर्षी मी मदतीला गेले होते. पहिली पुली त्यांनी मुलाच्या नावाने वाटीत काढून ठेवली, दुसरी वाटी घेतली आणि सहज विचारले, "तुझ्याला मीठा आवडायचा की नाही?" मी म्हटले, त्याला फक्त गुळाची पोळी आवडायची, तीही तुपात बुडवून. "मग पुढच्या साली ती कर," एवढेच त्या म्हणाल्या. पुढच्या संक्रांतीला मी गूळपोळ्या केल्या. दोन्ही वाट्या नंतर अंगणातल्या पोरांनी खाल्ल्या, आणि हे त्यांचे दरवर्षीचेच असल्याने कोणालाही त्यात काही विशेष वाटले नाही. मुलगा गेल्यापासून मी त्याच्यासाठी काहीतरी रांधले असे ते पहिल्यांदाच घडले होते.

यजमानांना बँकेतल्या कामाने सावरले. लेकीने शाळेत पहिल्याच आठवड्यात मैत्रिणींना दादाचा फोटो दाखवला, त्या जुन्या बंधनातून ती आमच्याआधी सुटली. पण बेटावर सगळे सुखाचे होते असे मी कोणाला सांगणार नाही. एकदा तिचा ताप उतरत नव्हता आणि समुद्र खवळल्याने जहाज येत नव्हते, त्या रात्री पुणे सोडण्याच्या निर्णयाला मी शिव्या घातल्या. मोठ्या आजारात रुग्णाला हेलिकॉप्टरने हलवावे लागते, आणि पावसाळ्यात ते उडेलच असे नाही.

लेकीच्या पुढच्या शिक्षणासाठी आम्ही करोनाच्या आधी पुण्याला परतलो. हे वाचून जाऊबाईंना वाईट वाटेल याची मला कल्पना आहे, म्हणून त्यांच्यासाठी स्पष्ट लिहिते: तुमचे काही कमी पडले नाही. तुम्ही त्याला आमच्याइतकेच ओळखत होतात, आणि जो ओळखतो त्याला सांगायचे काय, हेच आमच्यापुढचे कोडे होते. ज्यांनी त्याला पाहिले नाही अशांना सांगता सांगता तो आमच्या बोलण्यात परत आला. आता मी त्याचे नाव पुण्यातही घेते, आणि मी घेतले की तुम्हीही घेता.

ज्यांना स्वतःसाठी उत्तर हवे आहे त्यांना मी फोनवर सांगते तेच इथे सांगते. नुसते हवापालटाला जाणार असाल तर आमचे उदाहरण घेऊ नका. आम्ही नोकरी घेऊन गेलो, आणि दाराशी रोज माणसे येत होती म्हणून ते जमले. घरात दुसरे मूल असेल तर त्याला आधी विचारा, आणि ते नको म्हणाले तर जाऊ नका. आणि जायचे नसेल, तर निदान यंदा सोसायटीत पेढे वाटले जातील तेव्हा आमच्याकडेही द्या, असे शेजाऱ्यांना आपणहून सांगून ठेवा.