चासीवरचा दुसरा नंबर

आमच्या लॅबमध्ये येतं ते बहुतेक मोडलेलं. तुटका शाफ्ट, तडकलेलं गिअरबॉक्सचं कव्हर, डोकं उडालेला बोल्ट. ते का मोडलं हे शोधायचं आणि अहवालाखाली सही करायची, हे माझं काम. कोल्हापूरला धातुशास्त्र शिकले, शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत काही वर्षं काढली आणि तिथून इंग्लंडात, कॉव्हेंट्रीच्या जवळ आले. हा मुलूखच मोटारींचा. जुन्या रेसिंग गाड्यांचे स्टब अ‍ॅक्सल, कनेक्टिंग रॉड आमच्याकडे तपासायला येत असतात. अख्खी गाडी मात्र क्वचित येते, आणि या गाडीला तर कुठे काही झालेलंच नव्हतं. ती खरी आहे की नाही, एवढंच आम्ही सांगायचं होतं.

गाडी होती जॅग्वार सी-टाइप. ज्यांना या गाड्यांचा नाद नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. फ्रान्समधली ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकायची म्हणून जॅग्वारने १९५१ साली ही गाडी बांधली. इंजिन एक्सके-१२० या रस्त्यावर चालणाऱ्या मोटारीचं, खाली पोलादी नळ्यांचा हलका सांगाडा, म्हणजेच चासी, आणि वर माल्कम सेयर यांनी वाऱ्याचा हिशेब करून आखलेल्या आकाराचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. पहिल्याच वर्षी तिने ल माँ जिंकली. १९५३ मध्ये पुन्हा जिंकली ती डिस्क ब्रेकच्या जोरावर. बाकीच्यांना वळणाच्या कितीतरी आधी वेग तोडावा लागायचा, सी-टाइपवाले शेवटपर्यंत दाबून यायचे. अशा गाड्या तयार झाल्या फक्त ५३. त्यातली १९५३ च्या ल माँमध्ये चौथी आलेली एक गाडी २०१५ साली कॅलिफोर्नियातल्या लिलावात १ कोटी ३२ लाख डॉलरला गेली. हुबेहूब बांधलेली प्रतिकृती याच्या लहानशा अंशात मिळते. दोन्ही शेजारी उभ्या केल्या तर चार पावलांवरून मलाही ओळखता येणार नाहीत.

हे सगळं अंतर शेवटी येऊन ठेपतं ते सांगाड्यावर ठोकलेल्या नंबरावर. एक्सकेसी ही अक्षरं आणि पुढे तीन आकडे.

गाडीचे मालक सत्तरी ओलांडलेले इंग्लिश गृहस्थ. गाडी त्यांच्याकडे बरीच वर्षं होती, आता विकायला काढली होती आणि तपासणीची अट घेणाऱ्याने घातली होती. त्यांनी सोबत जाड फाइल आणली होती. जुने फोटो, शर्यतींचे कार्यक्रम, आधीच्या मालकांची पत्रं. मधला बराच काळ कोरा. तेवढी वर्षं गाडी कुठल्याशा गोदामात पडून होती, असं विकणाऱ्याने त्यांना सांगितलेलं.

कागदांवर मत देणं आमच्याकडे नाही. आम्ही धातूपासून सुरुवात केली. अल्ट्रासोनिक मीटरने नळीची जाडी बाहेरूनच मोजता येते, कापावं लागत नाही. १९५१ साली इंग्लंडात नळी मिळायची ती गेजच्या मापात. सोळा गेज म्हणजे साधारण १.६३ मिलिमीटर. इथले कारखाने मिलिमीटरकडे वळले ते १९६५ नंतर हळूहळू. या गाडीच्या एकामागून एक नळ्यांवर मीटर दाखवत होतं दीड मिलिमीटर. कुठे १.४९, कुठे १.५१. आमचा जुना टेक्निशियन, ज्याचं सगळं आयुष्य याच परिसरातल्या वर्कशॉपमध्ये गेलं, माझ्याकडे बघून काही बोलला नाही. मीटर पुसून त्याने पुन्हा पहिल्या नळीवर टेकवलं.

पण एवढ्यावरून निकाल देता येत नाही. नळीच्या जाडीत थोडी कमीजास्त असतेच. शिवाय रेसिंग गाडी आदळते, वाकते, जळते. पुढचा सांगाडा कापून नवा जोडतात, इंजिन बदलतात, पत्रा दुसरा चढवतात, आणि पुढच्या रविवारी तीच गाडी पुन्हा शर्यतीत असते. जुनं लोखंड किती उरलं यावर खरेपणा ठरवायचा तर कितीतरी विजेत्या गाड्या बाद होतील. इथल्या न्यायालयात १९९० साली याच मुद्द्यावर गाजलेला खटला झाला. बेंटलीची ‘ओल्ड नंबर वन’ ही १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ल माँ जिंकलेली गाडी. ती एक कोटी पौंडांना विकायचा सौदा झाला आणि घेणारा मागे फिरला. म्हणाला, ही ती गाडीच नव्हे. मूळ गाडीतलं फारच थोडं उरलं होतं हे खरंच होतं. तरी न्यायाधीशांनी निकाल दिला की गाडी अस्सल आहे, कारण भाग बदलत गेले पण गाडीचं आयुष्य कुठेही तुटलं नाही. ती प्रत्येक बदल पोटात घेऊन तीच राहिली. मला हा निकाल पटतो. म्हणून नळ्यांची मापं मी टिपून ठेवली आणि पुढे गेले.

पुढची पायरी चुंबकीय तपासणी. एरवी आम्ही तडे शोधायला ती वापरतो. धातूला चुंबकत्व द्यायचं, वर लोखंडाच्या अतिसूक्ष्म कणांचं चमकणारं द्रावण सोडायचं, दिवे घालवून अतिनील प्रकाशात बघायचं. जिथे धातूत खंड असेल तिथे कण गोळा होऊन हिरवी रेघ उमटते. नंबरच्या पट्टीवर एक्सकेसी आणि तीन आकडे लखलखीत उठले, ते अपेक्षितच होतं. पण त्या आकड्यांच्या मधल्या जागेत, जिथे काहीच असायला नको, तिथे पुसटसे बाक दिसत होते. एक अर्धगोल. एक तिरपी रेघ. टेक्निशियनने दिवा थोडा कलता धरला आणि म्हणाला, “याच्या खाली कुणीतरी आहे.”

आता ॲसिड लावल्याशिवाय सोक्षमोक्ष लागणार नव्हता. त्यासाठी रंग काढावा लागतो, पृष्ठभाग घासावा लागतो, आणि असलेल्या नंबरावरही खुणा राहतात. मालकांना बोलावून घेतलं, हिरव्या रेघांचे फोटो दाखवले आणि पुढे काय करावं लागेल ते सांगितलं. न करण्याचा पर्याय त्यांना होता, तेही सांगितलं. अहवालात मी ‘अनिर्णीत’ लिहिलं असतं. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला. “करा,” म्हणाले, “आणि मला इथे बसू द्या.”

हे शक्य होतं त्यामागचं कारण साधं आहे. ठोकणीचा घाव बसतो तेव्हा धातू फक्त वरून दबत नाही. त्या खाचेच्या खालचे कणही चेंगरतात. वरून कानस मारून आकडा सपाट केला तरी खाली चेंगरलेला थर उरतो, आणि ॲसिड त्याला शेजारच्या धातूपेक्षा वेगळ्या वेगाने खातं. फार खोल घासलं किंवा वर वेल्डिंग करून उष्णता दिली तर मात्र काही हाती लागत नाही.

एमरी पेपरचे नंबर बारीक बारीक करत टेक्निशियनने पट्टी आरशासारखी केली. मी ॲसिटोनने पुसून घेतली. मग तांब्याचं क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड यांचं हिरवट द्रावण कापसाच्या बोळ्याने एकाच दिशेला, न थांबता फिरवत राहिले. पहिल्यांदा काहीच होत नाही, नुसता तांबूस थर येतो. तो पुसायचा, पुन्हा फिरवायचं. मग आधी एक उभा दांडा दिसला, त्याला आडवी रेघ, आणि चार हा आकडा पुरा झाला. त्याच्या डावीकडे आठ. वरच्या ओळीत दोन अक्षरं, तिरकी रेघ आणि दोन आकडी क्रमांक. अक्षरांपैकी एकही एक्स नव्हतं, के नव्हतं. वासाने डोळ्यांना पाणी येत होतं तरी आम्ही तिघं वाकून बघत होतो. हे आकडे फार वेळ टिकत नाहीत, म्हणून दिव्याचा कोन बदलत फोटो काढत गेलो आणि मग द्रावण धुऊन टाकलं.

टेक्निशियनला ती अक्षरं ओळखीची होती. १९८० च्या दशकात सी-टाइपच्या मोजक्या प्रतिकृती बांधणारं एक छोटं वर्कशॉप होतं, आता बंद झालेलं. तिथला कारागीर प्रत्येक सांगाड्यावर स्वतःची अक्षरं, क्रमांक आणि साल ठोकायचा. म्हणजे १९८४ साली ही गाडी जन्मली तेव्हा ती कुणाचीही नक्कल म्हणून लपत नव्हती. बांधणाऱ्याने आपलं नाव-गाव तिच्या अंगावर स्पष्ट लिहिलं होतं. नंतर कुणीतरी कानस घेऊन ते मिटवलं आणि वर एक्सकेसी ठोकलं.

मला त्या कानशीचा जो राग आला तो अजून गेलेला नाही. शिरोलीला आमच्या प्रत्येक ओतकामावर हीट नंबर असायचा. कुठल्या दिवसाचा, कुठल्या भट्टीचा रस, सगळं त्यावरून कळायचं. नंबर नसलेला नग कितीही सुबक असला तरी भंगारात जायचा, कारण त्याच्याबद्दल कुणी जबाबदार नसायचं. प्रतिकृती बांधण्यात मला काहीच गैर वाटत नाही. उलट ज्याने या नळ्या एवढ्या सरळ जोडल्या, ज्याने दाराजवळचा पत्रा लाकडी हातोड्याने असा वळवला, त्याचा हात मोठाच होता. स्वतः जॅग्वारने २०२१ मध्ये आठ नव्या सी-टाइप बांधायचं जाहीर केलं, आणि त्यांना कुणी खोट्या म्हणत नाही. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघही जुन्या गाड्यांच्या शर्यतींसाठी प्रतिकृतींना तांत्रिक पासपोर्ट, म्हणजे शर्यतीत उतरायला लागणारं गाडीचं ओळखपत्र, देतो, त्या काळच्या मापांनुसार काटेकोर बांधलेल्या असल्या तर. अस्सल गाडीचे कितीतरी मालक मूळ गाडी घरी ठेवून शर्यतीला प्रतिकृतीच नेतात, आणि ते शहाणपणाचं आहे. सत्तर वर्षांच्या मूळ पत्र्यावरचा प्रत्येक पोचा हा पुरावा असतो. तो एका वळणावर भिंतीत घालवायचा कशाला? गुन्हा घडतो तो एका गाडीवरचं नाव पुसून दुसरीचं लिहिताना. त्यात दोन गाड्यांचा इतिहास नासतो. त्या एक्सकेसी नंबराची खरी गाडी कुठे असेल किंवा तिचे तुकडे कुठे विखुरले असतील, तर तिच्याही कागदांवर आता कायमचा डाग पडला.

मालक खुर्चीवर बसून होते. मला वाटलं, आता ते विकणाऱ्याबद्दल बोलतील, पैशांबद्दल बोलतील. त्यांनी विचारलं, “हा माणूस जिवंत आहे का? ज्याने बांधली तो?” नव्हता. टेक्निशियनने त्यांना त्या वर्कशॉपबद्दल आठवत होतं तेवढं सगळं सांगितलं. एका वेळी एकच गाडी घ्यायचा, पत्र्याला कुणाला हात लावू द्यायचा नाही, रंग मात्र बाहेर करून घ्यायचा. मालक मध्ये मध्ये प्रश्न विचारत होते, आणि बोलता बोलता उठून गाडीच्या नाकाजवळ जाऊन उभे राहिले.

गिऱ्हाईक अर्थातच गेलं. विकणाऱ्याशी वकिलांमार्फत पत्रव्यवहार सुरू झाला, त्यात आमचा अहवाल जोडलेला आहे. त्यात मी एवढंच लिहिलं की आधीचा नंबर घासून काढलेला आहे, तो असा होता, आणि सध्याचा नंबर त्यानंतर ठोकलेला आहे. कुणी केलं ते धातू सांगत नाही. एक्सकेसी नंबर रद्द करून घेण्याचं आणि १९८४ चा क्रमांक पुन्हा लावण्याचं काम मालकांनी हाती घेतलं. गाडी आता प्रतिकृती म्हणून नोंदवून पासपोर्ट काढायचा आणि शर्यतीत उतरवायची, असा त्यांचा बेत आहे. स्वतः चालवणार नाहीत. नात चालवते म्हणाले.

त्यासाठी त्यांनी गाडी पुन्हा आमच्याकडे पाठवली, या वेळी नेहमीच्या कामाला. स्टब अ‍ॅक्सल, हब, स्टीअरिंग आर्म, सगळे भाग तड्यांसाठी तपासायला. उजव्या स्टीअरिंग आर्मच्या मुळाशी बारीक तडा निघाला. मूळ गाडी असती तर हा भाग बदलावा की जपावा यावर महिनाभर खल झाला असता. मी फोन केला, तर पलीकडून लगेच उत्तर आलं, “नवीन करायला टाका.” त्या नव्या आर्मवर कारागिराने आपली अक्षरं आणि साल ठोकावं, असं मी ऑर्डरमध्येच लिहून घेतलं.