बारा डझनी पेटी

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या आठवड्यात सकाळी सातलाच पावसच्या बागायतदार काकांचा फोन. "बारा डझनाची पेटी कधी बघितली होतीस काय रे? ती उचलणार कोण, तू?"

रात्री आलेल्या सदतीस ऑर्डरींमध्ये पेट्या आणि डझन यांची अदलाबदल झाली होती. व्यापाऱ्याने मागितल्या १२ पेट्या, पाच डझनी; काकांच्या कागदावर आल्या ५ पेट्या, बारा डझनी. गुणाकार तोच, दर डझनाचा, म्हणून बिल पैशापर्यंत बरोबर. त्यामुळेच आमच्याकडे कुणाला काही खटकलं नाही.

रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ आम्ही तिघे बागायतदारांची ऑर्डर-व्यवस्था सांभाळतो. त्यासाठी आमचं स्वतःचं छोटं फ्रेमवर्क (ज्यावर प्रोग्राम उभा करायचा तो तयार सांगाडा) आहे, 'कोय'. दोन वर्षांपूर्वी ते आम्ही मुळापासून नव्याने लिहिलं, नाव मात्र तेच ठेवलं. जुन्या कोयीत एका फंक्शनला आधी पेट्या द्यायच्या, मग डझन. नव्या कोयीत बरोबर उलट. (हा शहाणपणा माझाच.) दोन्हींच्या डॉक्युमेंटेशनची, म्हणजे कोय कशी वापरायची त्या माहितीची, पानं सारखीच पांढरी, वर काळ्या अक्षरांत 'कोय', आणि ब्राउझरच्या टॅबवर तोच कोरा कागद.

लांज्याहून मार्चमध्ये रुजू झालेल्या मुलीने दोन्ही पानं शेजारी शेजारी उघडली होती. वाचलं जुनं, लिहिलं नव्यात. मी रागवायला म्हणून तिच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो, तर मलाच ओळखू येईना नवं पान कुठलं ते. गप्प बसलो.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती, पण काकांकडे पेट्या भरायला सुरुवात झालेली. म्हणून आम्ही दोघं याद्या घेऊन पावसला गेलो. पडवीत पेंढ्याचा ढीग, आंब्याचा वास, आणि एक गडी पेट्यांवर मार्का मारत बसलेला. पत्र्याला भोकं पाडून केलेला छाप पेटीवर टेकवायचा, रंगात बुडवलेला चिंधीचा बोळा फिरवायचा, पत्रा उचलायचा. माड, त्याखाली दोन आडव्या रेघा. पहिल्या प्रतीला लाल, दुसरीला निळा.

"वाशीला रात्री गाडी खाली होते तेव्हा हमाल नाव वाचत बसत नाही," काका म्हणाले. "माड दिसला की पेटी आमच्या दलालाच्या गाळ्यावर. तुमच्या मालाला मार्का काय?"

"कोय."

"ते नाव झालं. मार्का काय?"

येताना गाडीत मी त्या मुलीला अँग्युलरची गोष्ट सांगितली. अँग्युलर जेएस हे वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क, २०१० मधलं. २०१६ मध्ये दुसरी आवृत्ती आली ती पूर्ण नव्याने लिहिलेली, जुन्याशी न जुळणारी. पण नाव जवळजवळ तेच, आणि लाल ढालीवरचा 'ए'सुद्धा. जुन्याची उत्तरं नव्यात चिकटवून मी तेव्हा कित्येक दिवस वाया घालवलेत. ढाल जाऊन नवं चिन्ह आलं ते २०२३ मध्ये. उलट पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेचा निळा हत्ती घ्या: व्हिन्सेंट पाँतिए यांना १९९८ मध्ये ही तीन अक्षरं आडवी बघताना त्यात हत्ती दिसला. आज तो हत्ती दिसला की अक्षरं वाचावीच लागत नाहीत.

आमचा भागीदार या प्रकाराला नटवेगिरी म्हणायचा. "लोगोने बग जातात काय?" नाही जात. परमुलखातला आंबा रत्नागिरीच्या पेटीत भरून विकणारे आहेतच. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तरी गिऱ्हाईक फसतंच. पण त्या दिवशी संध्याकाळी याच भागीदाराने मुकाट्याने कागद पुढे ओढला.

जुन्या कोयीला सुकी, करडी कोय. नवीला हिरवा कोंब फुटलेली. टॅबवरच्या नखाएवढ्या जागेत कोंब दिसेना, तेव्हा त्या मुलीने कोंबाची पानं काढून टाकली आणि कोंब दुप्पट जाड केला. जुन्या डॉक्युमेंटेशनचं आख्खं पानही करडं केलं.

पुढच्या बिलावर हिरवी कोय छापून काकांकडे पाठवली. तासाभरात फोन.

"ही फणसाची आठळी कशाला काढलीत रे?"

आता कोयीवर चार रेषा वाढवल्यात.